अंगठा वर करू नये

हिंगोली जिल्ह्यातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लागायला एक अख्खी रात्र आणि निदान दोन ओकाऱ्या लागतात. १९९९ साली परभणीतून आमचा जिल्हा वेगळा निघाला. वाटणीत औंढ्याचा नागनाथ आमच्याकडे आला, नर्सीचे नामदेव महाराज आले, वसमतची हळद आली, कयाधू आली. समुद्र परभणीकडेच नव्हता, तो आमच्या वाट्याला कुठून येणार? लाटाच हव्या असतील तर औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, २६०० कोटींचा खर्च, आणि मोजायचं काय, तर अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आपटली तेव्हा अवकाशात उठलेल्या लहरी. देशभर जागा धुंडाळून शास्त्रज्ञांनी आमची पसंत केली, कारण इथली जमीन फार शांत आहे. इथं काही हलत नाही हे सरकारी फायलींच्या बाबतीत आम्ही कधीपासून सांगत होतो. आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला.

अशा जिल्ह्यात मी भूगोल शिकवतो. दरवर्षी रंगीत खडूने फळ्यावर प्रवाळ भित्तीचे तीन प्रकार काढतो: किनाऱ्याला चिकटलेली, किनाऱ्यापासून फटकून राहणारी आणि मधोमध तळं धरून बसलेली गोल. प्रवाळाला पाणी कसं लागतं, तर उबदार, स्वच्छ, उथळ, हे मुलांकडून घोकून घेतो. मग मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, तुम्ही बघितलंय का?" ज्वालामुखीच्या धड्याला हे कुणी विचारत नाही. पृथ्वीच्या गाभ्याबद्दल तर मी तास तास बोलतो. तिथं जाऊन आलात का, असं म्हणायची कुणाची टाप नाही. प्रवाळाचंच पोरांना काय वाटतं कोण जाणे.

सौ.चा धाकटा भाऊ पुण्यात संगणकावर काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण पगार चांगला आहे, त्यामुळे कुणी खोलात जात नाही. दिवाळीला तो पाण्याखाली चालणारा कॅमेरा घेऊन आला. आधी बादलीत बुडवून त्याने आमच्या मोरीतल्या मगाचं चित्रण केलं. मग हौदात उतरवला. मग दोरीला बांधून विहिरीत सोडला, तेव्हा एक कासव, काही बेडूक आणि आमची हरवलेली कळशी सापडली. ती कळशी ही त्या कॅमेऱ्याची आजवरची सर्वांत भरीव कामगिरी. पण कळशीवर समाधान मानील तो मेव्हणा कसला?

"दाजी, खरी मजा समुद्रात. आपण स्कूबा करू. अंदमानच्या विमानाचं तिकीट परवडायचं नाही, पण आपल्या मालवणातच प्रवाळ आहे. तुम्ही शिकवता आणि तुम्ही बघितलं नाही?"

शेवटचं वाक्य सौ.समोर उच्चारलं गेल्यामुळे जाणं ठरलं.

आईने माळ घातलेली. ती म्हणाली, "मासे बघायला हरकत नाही. पण पाण्यात तोंड उघडं ठेवू नको. एखादा आत जाईल." शेजारचे हळदीचे व्यापारी जास्त काळजीत पडले. "कामून चाललाव सर तिकडं? बुडायला पैसे द्यायलेत व्हय? आपल्या सिद्धेश्वर धरणात फुकटात बुडतेत लोकं!" हे बुडणं वेगळं, यात माणसाला परत वर आणतात, असं मी समजावलं. त्यांनी जरा हिशेब केला. "परतच आणायचं तर मग पैसे कशाचे?"

सौ.ने फोटोत उठून दिसावं म्हणून आम्हा सगळ्यांना लालभडक टी-शर्ट घेतले. निळ्या पाण्यात लाल रंग खुलतो, असं तिला साडीच्या दुकानदाराने सांगितलं होतं. त्याचा समुद्राशी संबंध माझ्याइतकाच. रात्रभर सोलापूर, कोल्हापूर करत, घाटात उरलीसुरली शुद्ध हरवत आम्ही एकदाचे मालवणला पोचलो.

मालवणच्या पाण्यातला २९ चौरस किलोमीटरचा तुकडा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याच पाण्यात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली महाराजांनी तो बांधायला घेतला आणि तीन वर्षांत पुरा केला. मला वेटसूट चढवायला साधारण तेवढाच वेळ लागला, असं सौ.चं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही, पण दोन तगड्या माणसांनी माझ्या दोन्ही बाजूंना उभं राहून, गोणीत कापूस दाबावा तसं मला त्यात दाबलं हे खरं. त्याची चेन पाठीवर असते. ती वर जाता जाता मध्येच थांबली, तेव्हा मागून एकाने आज्ञा केली, "श्वास सोडा." मी सोडला. चेन वर गेली. "आता घेवा." आता घ्यायला जागा नव्हती.

त्याआधी अर्ज भरायचा असतो. दमा आहे का, हृदयविकार आहे का, रक्तदाब, फिट, कानाचं दुखणं. माझ्या अर्जावर रकाना नसतानाही सौ.ने "घोरतात" असं लिहिलं. पोहता येण्याची अट नव्हती, कारण आपल्याला घेऊन जाणारा पाणबुड्या आपली मानगूट सोडत नाही. माझ्या वाट्याला आलेला पोरगा विशीतला असेल. त्याने अर्ज वाचला आणि मान वर केली.

"हिंगोली? ह्या खंय इला?"

"नांदेडच्या अलीकडे."

"थंय समुद्र नाय?"

"नाही."

"मगे तुमी मासे खंयचे खातास?"

"आम्ही माळकरी. पण खाणारे धरणातले खातात. मरळ, रोहू, कटला."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. कुणाच्या घरी वाईट घडल्याची बातमी ऐकल्यावर माणसं बघतात तसलं ते बघणं होतं. मग हळूच विचारलं, "पोहूक येता?"

"विहिरीत येतं."

"बरा. हय कठडो नाय हां, सरांनू."

नंतर त्याने माझ्या कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधला. चरबी पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे माझ्यासारखा माणूस बुडायला तयार असला तरी पाणी त्याला घेत नाही. ज्या देहाकडे बोट दाखवून डॉक्टर, सौ. आणि शाळेतले शिपाईसुद्धा वजन कमी करा म्हणून सांगत आले, त्याच देहाला इथं "वजन कमी पडता" म्हणून आणखी दोन शिसं जोडली. सौ.ला ऐकू जावं म्हणून मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

मग मास्क हातात दिला. "थुका हेच्यात."

आयुष्यभर जिने चढताना कोपऱ्यात देवादिकांच्या फरशा बसवलेल्या बघितल्या, एसटीत, दवाखान्यात, कचेरीत 'थुंकू नये' वाचलं. आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी अधिकृतपणे, पैसे घेऊन, थुंका म्हणत होतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून लाळ फासायची असते. ही जगभरची रीत आहे, फ्रान्सपासून फिलिपिन्सपर्यंत सगळे पाणबुडे करतात. ऐन वेळी माझं तोंड कोरडं पडलं. शेजारी आमच्या मेव्हण्याने मात्र इतक्या उत्साहाने कार्यक्रम उरकला की उरलेलं मला चालेल का, असं विचारलं.

शेवटी खुणा. पाण्याखाली बोलता येत नाही. सगळा व्यवहार हाताने. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की "ठीक". पंजा डुगडुगवला की "काहीतरी बिघडलंय". अंगठा खाली म्हणजे खाली जाऊ, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. "अंगठो वर करू नकात," त्याने बजावलं, "लोका मजा इली की अंगठो दाखवतत आणि आमी तेंका वर घेऊन येतांव." आम्ही सगळ्यांनी समजल्याची खूण म्हणून अंगठा वर केला.

नाक मास्कमध्ये बंद, श्वास तोंडात धरलेल्या नळीतून. म्हणजे आईची सूचना बोटीवरच मोडीत निघाली. अंग पाण्यात गेलं आणि कानात कुणीतरी सळई खुपसल्यासारखं झालं. दर १० मीटरला पाणी एका वातावरणाएवढा दाब वाढवतं, हे मी वर्गात कितीदा सांगितलंय. पण आकडा फळ्यावर असणं वेगळं आणि कानात असणं वेगळं. नाक चिमटीत धरून आत हवा दाबली की कान फट्‌कन मोकळे होतात. माझे झाले. आणि मग जे ऐकू आलं ते ऐकून मी दचकलो: काहीच नाही. फक्त माझा स्वतःचा श्वास आणि बुडबुडे. लग्नानंतर इतकी शांतता मला पहिल्यांदाच मिळत होती.

सौ. माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. डोळे मोठे, हातवारे चालू. नंतर कळलं की तिला टी-शर्टबद्दल बोलायचं होतं. पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. ५-६ मीटर गेलं की लाल जवळपास संपतो, मग नारिंगी, मग पिवळा, शेवटी निळा-हिरवा तेवढा उरतो. आमच्या घरच्यांचे लालभडक टी-शर्ट, वेटसूटच्या गळ्याशी मुद्दाम दिसतील असे काढलेले, आता ओल्या गोणपाटाच्या रंगाचे झाले होते. कपाळावरचं कुंकू काळं. साडीच्या दुकानदाराला पाच मीटर खाली आणून हे दाखवायला हवं होतं.

मास्कच्या काचेमागून पाण्यातली प्रत्येक गोष्ट पाव हिश्शाने जवळ आणि तृतीयांशाने मोठी दिसते. मासे धरायला जाणाऱ्यांच्या गप्पांना हा निसर्गाने दिलेला पाठिंबा आहे. सौ.ने त्याचा अर्थ वर आल्यावर असा लावला: "म्हणजे व्हिडिओत मी जाड दिसले तर ते मी नाही, पाणी आहे."

खाली पोचलो तर रांग. होय, समुद्राच्या तळाला रांग. एका खडकाशी प्रवाळाची बरी झुडपं आहेत, म्हणून तिथंच सगळ्यांचे फोटो काढतात. एक कुटुंब उरकेपर्यंत दुसरं दोरीला धरून तरंगत थांबतं. आमच्या पुढे चार तरुण होते. त्यांनी पिशवीतून लॅमिनेट केलेला फलक काढला. मला वाटलं कुणाला तरी लग्नाची मागणी घालणार. फलक होता त्यांच्या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून त्या चौघांचे पासपोर्ट फोटो. ते चौघेही त्याच फलकामागे मास्क लावून उभे होते, त्यामुळे फोटोत त्यांचा चेहरा फक्त फलकावरच दिसणार होता. गल्लीतला चौक भरला, महामार्ग भरला, आता समुद्राचा तळ राहिला होता, तोही मार्गी लागला.

ज्या झुडपांपुढे हे सगळं चाललं होतं ती झुडपं नाहीत. प्रवाळ हा प्राणी. टाचणीच्या डोक्याएवढे जीव एकमेकांना चिकटून चुन्याची घरं बांधतात, अंगात सूक्ष्म शैवालाला भाडेकरू ठेवतात आणि भाडं म्हणून त्यानं उन्हात शिजवलेलं अन्न खातात. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की भाडेकरू निघून जातो आणि घरमालक पांढरा पडतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात याचं नाव वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्या पाठीवर पाय ठेवून फोटो काढायची कुणाची छाती होत नाही. वाघाने स्वतःची सोय केलेली आहे.

आमचा नंबर आला. पाणबुड्याने बिस्किटाचा चुरा सोडला आणि माशांचा थवा अंगावर आला. हाताच्या पंजाएवढे, पिवळट चंदेरी, अंगावर पाच उभे काळे पट्टे. इंग्रजीत यांना सार्जंट मेजर म्हणतात. हुद्दा मोठा, पण बिस्किटावर सगळी पलटण ढासळली. ज्यांनी खडकावरचं शेवाळ आणि पाण्यातले किडे खाऊन राहायचं, ते आता पर्यटकांच्या मोसमाची वाट बघतात. असं खायला घालू नये म्हणतात जाणकार. पण मासा जवळ आल्याशिवाय फोटो नाही, आणि फोटो नाही तर पैसे कसले, हे आमच्या हळदवाल्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं.

सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून. माशांकडे पाठ. आपण एवढ्या लांबून आलो ते मासे बघायला की माशांनी आपल्याला बघितलं याचा पुरावा गोळा करायला, हा प्रश्न मला तिथं पडला. पण पाणबुड्याने मान धरून माझंही तोंड कॅमेऱ्याकडे फिरवलं आणि प्रश्न तिथेच राहिला.

त्या फिरवाफिरवीत मला खडकाच्या बाजूला एक गोष्ट दिसली. वीतभर जागा जांभळट झाली होती. खसखशीपेक्षा बारीक अंड्यांचा एक थर चिकटवलेला, आणि त्याच्यासमोर एकच सार्जंट मेजर, पिवळेपणा जाऊन निळसर काळपट पडलेला. हा बाप. या माशांत अंडी घालून आई निघून जाते आणि पोरं फुटेपर्यंत पहारा बाप करतो. बिस्किटांची लूट चालली होती, पण तो जागचा हलला नाही. अंड्यांवर पंखांनी वारा घालावा तसं पाणी मारायचा, एखादा कण बसला तर तोंडाने उचलून लांब थुंकून यायचा. मी जरा पुढे सरकलो तर सरळ माझ्या मास्कवर चाल करून आला. टक्‌. मागे गेला. पुन्हा टक्‌. माझ्या शंभरपट तरी कमी वजनाचा तो जीव नाकासमोर पंख फुगवून उभा. पालक सभेला येणारे काही बाप मला आठवले.

मला इतकं भरून आलं की मी पाणबुड्याकडे वळून अंगठा वर केला.

त्याने तत्काळ मला बखोटीला धरून वर आणलं.

"काय झाला?"

"काही नाही. फार छान आहे!"

"मगे वर कित्याक?"

आमचा दोष नाही हो. हिंगोलीत आम्ही अंगठ्यावरच जगतो. शाळेच्या गटात "उद्या सुट्टी" आलं की अंगठा. "पगार लांबला" आलं की अंगठा. परवा कुणाचे तरी काका गेल्याची बातमी आली, तिथंही सतरा जणांनी अंगठा दिला आणि शेवटी काकांच्या मुलानेही त्या अंगठ्यांना अंगठा दिला. अशा हाताला पाण्याखाली गोल काढायला सांगणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्याने जेवायला बसवणं. आम्ही पुन्हा खाली गेलो. एक भलामोठा पोपट मासा खडक कुरतडताना दिसला. माझा अंगठा आपोआप वर. पुन्हा वर. मग पोराने एका हाताने माझी मानगूट आणि दुसऱ्या हाताने माझा अंगठाच धरून ठेवला. उरलेला समुद्र मी बोट धरून जत्रा बघणाऱ्या मुलाच्या इतमामात बघितला.

पोपट माशाबद्दल सांगायला हवं. तो खडकावरचं शेवाळ आणि प्रवाळ चोचीने खरवडून खातो, घशात दळतो आणि मागून बारीक पांढरी वाळू सोडतो. मालदीवसारख्या बेटांवरच्या शुभ्र वाळूत याच्या पोटातून आलेला माल बराच असतो. आमच्या गल्लीतलं एक जोडपं मधुचंद्राला मालदीवला जाऊन आलं आणि आठवण म्हणून तिथली वाळू बाटलीत भरून घेऊन आलं. ती बाटली त्यांच्या शोकेसमध्ये, दोघांच्या फोटोशेजारी आहे. मी अजून काही बोललेलो नाही.

मेव्हण्याची कथा वेगळी. पाण्याखालचा फोटो काढायचा तर जवळ जा, मग आणखी जवळ जा, असा नियम त्याने मोबाइलवर पाहिला होता. तो इतका जवळ गेला की पायातल्या वल्ह्यांनी तळाची सगळी वाळू उठवली आणि मग त्या धुरळ्यात दिवा लावला. दिव्याचा उजेड प्रत्येक कणावरून परत आला. त्याच्या एकूण एक चित्रांत मालवणच्या समुद्रात हिमवर्षाव होतो आहे. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या डबीत पाणी शिरलं.

बोटीवर तो डोक्याला हात लावून बसला. मी मास्तर असल्याने इतिहास सांगून सांत्वन केलं. १८५६ साली इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर विल्यम थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने पेटीत बसवलेला कॅमेरा समुद्रात सोडला. पाण्याखाली फोटो काढायचा तो पहिला प्रयत्न मानतात, आणि त्याही पेटीत पाणी शिरलंच होतं. पुढे १८९३ मध्ये फ्रान्सच्या लुई बूतांने पाण्याखाली फोटो काढले, तेव्हा एका फोटोला अर्धा अर्धा तास लागे. एवढा वेळ कोणता मासा हसून उभा राहील? आणि १९२६ साली फ्लोरिडात लाँगली आणि मार्टिन या जोडीने पहिले रंगीत फोटो काढले, ते तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा स्फोट करून. तुझी तर नुसती डबी गळली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, त्यांच्या वेळी डबीला वॉरंटी नव्हती. मला होती. ती कालच संपली."

बोटीवर कुठला मासा दिसला यावर चर्चा सुरू झाली. मेव्हण्याच्या मोबाइलमध्ये माशांची नावं सांगणारं काहीतरी होतं. तो लॅटिन नाव वाचून दाखवी आणि पाणबुड्या त्याचं वर्गीकरण करी.

"तो ठिपकेवाला, खडकात तोंड घालून बसलेला?"

"गोबरो. कालवणाक बरो."

"आणि तो निळा-हिरवा, लांबट?"

"तो खाऊचो नाय."

"पट्टेवाले?"

"काटे लय."

जगभरच्या शास्त्रज्ञांनी माशांची हजारो जातींत विभागणी केली आहे. मालवणात दोनच जाती, आणि त्या चुकत नाहीत. माझ्या त्या पहारेकरी बापाबद्दल विचारल्यावर मात्र पोरगा थांबला. "तेच्याकडे कोण बघित नाय," तो म्हणाला. "तुमी बघितलास?" मी त्याला खूण करून हो म्हटलं. कुठली खूण ते सांगत नाही.

मेव्हण्याने तोवर पुढची योजना आखली होती. विजयदुर्गापासून १०० किलोमीटरहून आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची अँग्रिया बँक आहे. तिथं खरी प्रवाळ भित्ती, पण सगळ्यात उथळ जागासुद्धा २० मीटर खोल. शिवाय निवतीजवळ आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका मुद्दाम बुडवून पाण्याखाली संग्रहालय करायचा सरकारचा बेत आहे. सरकारी योजना पाण्यात गेल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. मुळातच पाण्यात घालवण्यासाठी आखलेली योजना पहिल्यांदाच ऐकतो आहे, आणि ती ठरल्याप्रमाणे पार पडेल याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मेव्हण्याचा कॅमेरा गेल्यामुळे आमची सगळी भिस्त पाणबुड्यांनी काढलेल्या व्हिडिओवर. किनाऱ्यावर एका टपरीवजा खोलीत संगणक, समोर वीस-पंचवीस ओली कुटुंबं, आणि "माझा कुठला?" असा गलबला. प्रत्येक व्हिडिओत काळा वेटसूट, काळा मास्क, तोंडात नळी, भोवती पट्टेवाले मासे. संगणकावरचा थकलेला माणूस ज्याला जो सापडेल तो भरून देत होता. आम्ही मोबाइलमध्ये घेतला, घाट चढलो, झोपलो.

हिंगोलीला पोचल्यावर रात्री टीव्हीला मोबाइल जोडला. सगळी आळी जमली. चहा झाला. पडद्यावर एक धिप्पाड गृहस्थ संथपणे पाण्यात उतरले. हात छातीशी, पाय लयीत, नजर माशांवर. आई म्हणाली, "बघा, माझा लेक कसा शोभतो." हळदीचे व्यापारी म्हणाले, "बुडल्यासारखं वाटेनाच की सर." भाचीने गुडघा ओळखला. मी मान खाली घालून कौतुक झेलत होतो. इतक्यात सौ. म्हणाली, "हे तुम्ही नाही."

"कशावरून?"

"हा माणूस शांत आहे."

पुन्हा लावून बघितला. अंगठा एकदाही वर नाही. गळ्याशी लाल काय, गोणपाटाच्या रंगाचंही काही नाही. शेजारी तरंगणाऱ्या बाई हातवारे न करता नवऱ्याकडे कौतुकाने बघत होत्या. तेव्हा तर सगळ्यांचीच खात्री पटली.

पण तोवर मेव्हण्याने तो व्हिडिओ नातेवाइकांच्या गटावर टाकला होता आणि दोनशे अंगठे येऊन गेले होते. घरात बैठक बसली. खरं सांगून टाकावं, असं माझं मत पडलं. आई म्हणाली, कशाला, दिसतोय तर चांगला. सौ. म्हणाली, राहू द्या, यात तुम्ही बारीक दिसता. शाळेतही मी प्रवाळाच्या धड्याला तोच लावतो. मागच्या बाकावरून आता प्रश्न येत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या हिवाळ्यात तुम्ही मालवणला स्कूबा केलं असेल आणि तुमच्या व्हिडिओत एक जाडा मनुष्य वारंवार अंगठा दाखवतो आहे, त्याला वारंवार वर नेलं जातं आहे, एक मासा त्याच्या नाकावर टोचा मारतो आहे आणि मागे एक बाई जोरजोरात काहीतरी सांगते आहे, असं दिसत असेल, तर तो माल आमचा आहे. त्यातला तो माशाचा तुकडा तेवढा कापून पाठवा, बाकीचं तुम्ही ठेवलंत तरी चालेल. तुमचा व्हिडिओ मात्र परत मागू नका. आमच्याकडे सगळ्यांना तो फार आवडला आहे.